आप्पा निवांत आहेत

माझा मामा पडायचं काम करायचा. कुणी विचारलं तुझे मामा काय करतात, तर मी आधी "गाद्यांच्या दुकानात असतात" एवढंच सांगून सुटायचे. कारण पुढचं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे असं बघायचा जणू मला ताप चढलाय. पण खरं तेच आहे. सकाळी डबा घेऊन कंपनीत जायचा, गादीवर पडायचा, उठायचा, परत पडायचा, डबा खायचा, परत पडायचा. आणि संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता म्हणायचा, "आज फार काम झालं बाबा."

मी कॉलेजसाठी मामाकडेच राहते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय, ऐकीव काही नाही. घरात मामा, मामी, मामीचे वडील म्हणजे आमचे आप्पा, आणि हॉलमधल्या दिवाणावर मी.

मामाची खरी हौस नाटकाची. उंच, आवाज भरदार, पण पाठांतराच्या नावाने आनंदीआनंद. चार ओळींच्या पुढे गेला की दुसऱ्याच नाटकातलं बोलायला लागायचा. मग त्यांच्या हौशी मंडळाने यावर तोडगा काढला की याला पहिल्याच अंकात मरणारी माणसं द्यायची. आणि मामा असा मरायचा म्हणून सांगू. गोळी लागो, कुणी विष घालो, मुलगा घर सोडून जावो, कारण काहीही असलं तरी मरण एकच. आधी उजवा हात छातीवर. मग नजर छताकडे. मग अर्धी गिरकी, गुडघ्यात एकदा लवून परत वर, म्हणजे लोकांना वाटावं वाचला वाटतं, आणि मग धाडकन. एकदा लोकांनी वन्स मोअर दिला तर हा उठून परत मेला. तेव्हापासून मंडळात त्याचं नाव मरणसम्राट. आपल्याला चिडवतात हे मामाला आजपर्यंत कळलेलं नाही, तो ते पदवीसारखं सांगतो.

पोटासाठी गाद्यांचं दुकान. तिथेही गिऱ्हाइकाला फोम किती, कापूस किती हे सांगण्यापेक्षा तो सरळ स्वतःला गादीवर झोकून द्यायचा. एके दिवशी दुकानात कंपनीची माणसं आली. त्यातला पुढचा वयाने मामाच्या निम्मा असेल, पण पायात असे पांढरेशुभ्र बूट की जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. आम्ही घरात त्याला पांढरेबूट म्हणतो, खरं नाव मामालाही धड सांगता येत नाही. तो म्हणाला, जाड गाद्या हव्यात, जमिनीवर अंथरायला.

"किती जण झोपणार आहेत?" मामाने विचारलं.

"झोपायला नकोत. पडायला हव्यात."

मामाच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या आयुष्यात इतकं सुंदर वाक्य आधी कुणीच बोललं नव्हतं.

तर भानगड अशी होती. कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटावर बांधायचा पट्टा बनवत होती. म्हातारा माणूस घरात एकटा असताना पडला तर पट्ट्याला ते आपलं आपण कळणार आणि घरच्यांच्या फोनवर बोंब मारणार. आता पडणं म्हणजे काय हे त्या मशीनला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी ढीगभर पडणी लागतात. म्हाताऱ्यांना धक्के देऊन पाडता येत नाही, तेवढी लाज कंपनीला होती. मग ऑफिसातली पोरं पडून बघत होती, पण ती पडता पडता हात टेकायची, हसायची, मोबाइल सांभाळायची. मामाने हे सगळं ऐकून घेतलं, बाजूच्या गादीकडे पाठ केली, हात छातीवर ठेवला आणि भर दुकानात मेला. पांढरेबूट बघतच राहिला. पुढच्या महिन्यापासून मामा कंपनीत.

मामी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून तिचं बोलणं फार मोजकं झालंय. ती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं फुकट लोळत होते. चला, कुणीतरी कदर केली."

मी एकदा ती खोली बघायला गेले होते. मोठी खोली, खिडक्यांना करडे पडदे, मधोमध गाद्या, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. मामाला म्हातारा करायला एक जाकीट होतं, त्यात वजनं भरलेली. गुडघ्यांना आवळपट्ट्या, डोळ्यांवर धूसर काचांचा चष्मा, मनगटावर पट्टा. आणि समोर लॅपटॉप घेऊन एक मुलगी, माझ्यापेक्षा थोडीच मोठी. मामा तिला डेटाताई म्हणायचा. तिचं काम म्हणजे मामा पडला की बटण दाबून लिहायचं, पडला.

"काका, पडा," ती म्हणाली.

"कशामुळे पडू?"

"कशामुळे नाही. नुसतं पडा."

"ताई, नुसतं कुणी पडत नाही. आतून यावं लागतं."

तिने सुस्कारा सोडला. "बरं. चक्कर आली."

मग मामाला चक्कर आली. हात छातीवर, नजर छताकडे, अर्धी गिरकी, लवून परत वर, धाडकन. स्क्रीनवरच्या रेघेने असा काही डोंगर काढला की कॉफी घेत असलेला पांढरेबूट कप तसाच धरून आला. म्हणाला, याला म्हणतात स्वच्छ डेटा. ऑफिसातल्या पोरांची पडणी आधीच कचरा म्हणून काढून टाकली होती, कारण त्यांच्या रेघा वेड्यावाकड्या यायच्या. मामाची रेघ दर वेळी सारखी. सारखी येणारच ना, तो तेच मरण वर्षानुवर्षं मरत होता. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीचं एवढं हुशार मशीन पडणं म्हणजे काय हे शिकलं ते फक्त माझ्या मामाकडून. आणि मामा जन्मात कधी खराखुरा पडलेला नव्हता.

दुसरी गंमत बॅटरीची. पट्टा एकदा चार्ज केला की महिनाभर बघायला नको, ही कंपनीची सगळ्यात मोठी शेखी. ते कसं जमतं हे मामाने आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. पट्टा बहुतेक वेळ झोपलेला असतो. बारीकसारीक हालचालीला तो डोळेसुद्धा उघडत नाही. मोठा धक्का बसला तरच जागा होतो, हा धक्का शिकवल्यासारखा आहे का बघतो, असेल तर फोन लावतो, नसेल तर परत झोपतो.

"अय्या, अगदी तुमच्यासारखाच," मामी म्हणाली.

आप्पा हसले. आप्पांबद्दल सांगायला पाहिजे. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर. एका हातात तिकिटं, एका हातात सुट्टे, आणि गाडी वळणावर असली तरी हा माणूस उभा. तोल गेलाच तर हात आपोआप जवळच्या दांड्यावर, तिथून पुढच्या सीटच्या पाठीवर. रिटायर झाले तरी सवय गेली नाही, घरात चालतानाही टेबल, दाराची चौकट, फ्रिज असे धरत धरत जातात. मामी म्हणते, आप्पा प्रत्येक स्टॉप घेत बाथरूमला जातात. हल्ली त्यांना बीपीच्या गोळ्यांमुळे उठलं की गरगरायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना दिवसा एकटं ठेवू नका. म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारभर आमच्याकडे येऊन बसायच्या, क्रोशाचं विणकाम घेऊन. काकू आणि आप्पा दुपारभर टीव्हीच्या रिमोटवरून भांडायचे. काकूंना मालिका, आप्पांना बातम्या. आप्पांना वाटायचं काकू आपल्या डोक्यावर बसवल्यात, काकूंना वाटायचं आपण होतो म्हणून म्हातारा टिकून आहे. दोघांचंही बरोबर होतं.

पट्टा तयार झाल्यावर कंपनीने एका हॉलमध्ये कार्यक्रम केला. स्टेजवर मामा, मनगटावर पट्टा. पडला. क्षणात पांढरेबूटच्या फोनवर घंटा आणि पडद्यावर लाल अक्षरं. टाळ्या इतक्या की मामाने कुणी न मागता वन्स मोअर घेतला. माझ्या शेजारी बसलेले आप्पा हळूच म्हणाले, "जावईबापू पडतात छान. पण असा माणूस पडत नाही गं."

"मग कसा पडतो आप्पा?"

"मला काय माहीत, मी कधी पडलोय?"

त्याच संध्याकाळी मामाने एक पट्टा आप्पांच्या डाव्या मनगटावर बांधला, असा डामडौल करून की जणू शौर्यपदक. आमच्या तिघांच्या फोनवर ते अॅप टाकलं. त्यात आणि पट्ट्याच्या इवल्याशा पडद्यावर एक हिरवं पान दिसायचं आणि खाली अक्षरं, आप्पा निवांत आहेत. पडले तर पान लाल होणार. आणि मग मामा खाली गेला आणि काकूंना सांगून आला की उद्यापासून तुम्हाला तसदी नको, विज्ञानाने सोय केलीय.

"तुमचं विज्ञान चहा करून देणार आहे का त्यांना?" काकूंनी विचारलं म्हणे.

"काकू, त्यात माझी सगळी मेहनत आहे."

"असेल. पण दुपारी घरी कोण असणार?"

मामाने मनगटावर बोट ठेवून दाखवलं. काकूंनी दार लावून घेतलं. मामीला हे कळल्यावर ती ताट तसंच ठेवून उठली. "अहो, विचारायचं तरी. डॉक्टर काय म्हणाले होते, एकटं ठेवू नका. पट्टा बांधा म्हणाले होते का?"

"एकटे कुठे आहेत? मी आहे ना आत," मामा म्हणाला. पट्ट्याच्या आत म्हणे. मामी जेव्हा बोलत नाही तेव्हा घरातली भांडी बोलतात, त्या दिवशी खूप बोलली.

सुरुवातीला पट्टा फार बोंबलला. आप्पांनी डास मारायला टेबलावर चापट मारली, तिघांचे फोन ठणाणा. मी लेक्चरमध्ये, सरांनी बाहेर काढलं. मामी एका पेशंटचं नाव पुकारत होती ती मध्येच "आप्पा" असं ओरडली. आंघोळीला जाताना आप्पांनी तो काढून पलंगावर भिरकावला, परत ठणाणा. मामा मात्र खूश. म्हणायचा, बघा किती सावध आहे. मग आप्पा बिचारे जपून वागायला लागले. डास चावला तरी फुंकर मारायचे. आम्हाला त्रास नको म्हणून.

आणि मग ती दुपार.

मी कॉलेजमध्ये अधूनमधून फोन बघत होते. हिरवं पान. आप्पा निवांत आहेत. नंतर बघितलं, हिरवं पान, आप्पा निवांत आहेत. एकदा तर वर एक चांदणी आली आणि लिहून आलं, छान, आज आप्पांनी भरपूर विश्रांती घेतली. मला बरं वाटलं खरं सांगते, म्हटलं झोप लागली म्हाताऱ्याला.

चहाच्या वेळेला घरी आले, लॅच उघडलं, हॉलमध्ये टीव्ही चालू आणि समोर कुणीच नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, आवाज कसला, खरखर. "आलीस का पोरी? तेवढा टीव्ही बंद कर. डोकं उठलंय."

आप्पा फ्रिज आणि ओट्याच्या मधल्या फटीत बसले होते. पाय समोर पसरलेले, पाठ कपाटाला, डावा हात मांडीवर, मनगट टम्म सुजलेलं, पट्टा त्यात रुतलेला. आणि पट्ट्यावर हिरवं पान.

"आप्पा, कधीपासून?"

"जेवण झाल्यावर पाणी प्यायला उठलो. गरगरलं. आधी फ्रिजचा दांडा धरला. तो सुटला मग ओटा. ओट्यावरून हात घसरला मग ड्रॉवरची कडी. तिथं हात अडकून पिळला. मग बसलो." ते असं सांगत होते की एकेक स्टॉपचं नाव घेतायत. "आदळलो नाही गं मी. अजिबात आवाज नाही केला."

"अहो ओरडायचं तरी."

"ओरडलो की. टीव्ही माझ्यापेक्षा मोठ्यांदा ओरडत होता. काकू असत्या तर..." मग मनगटाकडे बघून म्हणाले, "हा मध्ये मध्ये थरथरत होता. मला वाटलं आता फोन लागला तुम्हाला. वाचून बघितलं. म्हणतो, तुम्ही बराच वेळ बसून आहात. आता उठा, थोडं चाला."

मला रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही आलं आणि दोन्ही एकदम आलं की माणसाचा चेहरा फार घाण दिसतो.

"मी सांगितलं त्याला," आप्पा म्हणाले. "भडव्या, तूच ये आणि उठव."

मनगटाला चीर होती, कंबर सुजली होती. दवाखान्यात नर्सने तो पट्टा कात्रीने कापला. मामी आप्पांच्या उशाशी, मी दाराशी, आणि मामा धावत आला तो कॉटच्या पायथ्याशी उभा. मला वाटलं आता हात छातीवर जाणार. गेला नाही. हात नुसते लोंबत होते, त्यांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. मामी एवढंच म्हणाली, "आत होतात ना तुम्ही? मग उचललं का नाहीत?"

मामा बाहेर जाऊन बाकावर बसला.

दुसऱ्या दिवशी तो कापलेला पट्टा रुमालात बांधून कंपनीत गेला, मी पण गेले, कारण मला कुणावर तरी ओरडायचं होतं. डेटाताईने त्या दुपारची रेघ काढून दाखवली. डोंगर नाहीच. सपाट रेघ, तिला चार-दोन बारीक उंचवटे, परत सपाट. तिने ती मोठी करून बघितली आणि म्हणाली, "काका, हे खुर्चीत बसल्यासारखं दिसतंय."

पांढरेबूटने खांद्यावरून वाकून बघितलं. "तांत्रिकदृष्ट्या ते पडलेच नाहीत."

"मग काय केलं त्यांनी?" मामाने विचारलं.

"हळूहळू बसले."

"जमिनीवर?"

"पट्ट्याला जमीन कळत नाही."

"दुपारभर?"

"विश्रांती." तो जरा विचार करून म्हणाला, "त्यांनी मदतीचं बटण का नाही दाबलं?"

मी म्हटलं, "कुठलं बटण? याला बटणच नाहीये."

"हो, ते पुढच्या पट्ट्यात येणार आहे."

ओरडायला गेले होते, पण या माणसावर ओरडायचं कुठून हेच कळेना. तो इतका शांत होता, आणि सगळं म्हणत होता ते त्याच्या दृष्टीने बरोबर होतं. त्याचं म्हणणं आप्पांनी नीट पडायला हवं होतं.

मामा म्हणाला, "मी परत पडतो. आप्पा पडले तसं. तुम्ही मशीनला शिकवा."

मग आमच्या घरात ती तालीम सुरू झाली. आप्पा गळ्यात हात अडकवून खुर्चीवर, मामा फ्रिजपुढे. इतक्या वर्षांत सासऱ्याने जावयाला एवढ्या मोकळेपणाने कधी झापलं नव्हतं, त्यांना तर जन्माची संधी मिळाली.

"जावईबापू, छातीवर हात कशाला? तो दांड्यावर पाहिजे."

"सवय आहे आप्पा."

"तोंड मिटा. मी काही बोललो नव्हतो. पाणी प्यायला उठलेला माणूस संवाद म्हणतो का?"

"म्हणत नाहीये, श्वास सोडतोय."

"तेवढा मोठा श्वास असता तर मी पडलो कशाला असतो? आणि वर काय बघताय, छतावर काय आहे? मी ग्लास कुठं गेला ते बघत होतो."

मामी दारात उभी राहून बघायची आणि ओढणी तोंडावर धरायची. पण मामा चिकटून राहिला. गिरकी गेली. मग ते लवून परत वर येणं गेलं. सगळ्यात शेवटी धाडकन गेलं, ते सोडताना त्याला खरंच जड गेलं, मी त्याचा चेहरा बघत होते. आणि एका संध्याकाळी काय झालं, मामी चहा गाळत होती, मी आणि ती माझ्या फीवरून का कशावरून वाद घालत होतो, आणि मामी मागे वळून म्हणाली, "हे कुठं गेले?" मामा खाली बसलेला, फ्रिजला टेकून, पाय पसरून. केव्हा पडला कुणालाच कळलं नव्हतं.

आप्पा खुर्चीवरून म्हणाले, "हां. हे झालं." आणि मग तोंड दुसरीकडे वळवून बसले. बहुतेक आपण तेव्हा कसे दिसत होतो हे त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसलं.

कंपनीत मामाने ते जाकीट घातलं नाही, चष्मा घातला नाही. म्हणाला, आता गरज नाही. गादीही बाजूला करायला लावली. एक टेबल आणि एक खुर्ची मागितली, धरायला. डेटाताई लॅपटॉपमध्ये डोकं घालून काहीतरी जुळवत होती. पांढरेबूट कॉफीच्या मशीनकडे निघाला होता. मामाने टेबलाची कड धरली. मग खुर्चीची पाठ. मग काही नाही. पांढरेबूट त्याच्या पसरलेल्या पायावरून ओलांडून गेला, कप भरला, परत ओलांडून आला.

"काका, तयार झालात की सांगा," डेटाताई स्क्रीनकडे बघत म्हणाली.

"झालं," मामा जमिनीवरून म्हणाला.

"काय झालं?"

"पडलो."

तिने वाकून बघितलं. मग मामाच्या मनगटाकडे. हिरवं पान. ती मुलगी पांढरी पडली, खरंच पडली, तोपर्यंत तिच्यासाठी ते सगळं रेघांमध्ये होतं. तिने बटण दाबलं, पडला असं लिहिलं, आणि पांढरेबूटला म्हणाली, सर, असं पडणं पण पकडायला हवं. त्याने नाही म्हटलं नाही. फक्त समजावून सांगितलं. एवढं बारीक ओळखायचं तर पट्ट्याला सतत जागं राहावं लागेल. सतत जागा राहिला तर बॅटरी महिनाभर काय, आठवडाभरसुद्धा पुरणार नाही. आणि बाहेर रस्त्यावर जो फलक लावलाय त्यावर महिनाभर निश्चिंत असं लिहिलंय, तो फलक बदलायचा का? तुम्हीच सांगा काका. आणि त्या फलकावर फोटो कुणाचा, तर मामाचाच. हात छातीवर, नजर वर.

"मग माझं आधीचं सगळं काढून टाका त्यातून," मामा म्हणाला. "ते खोटं आहे. माझं पडणं मला परत द्या."

"आता नाही निघत काका. ते आत मुरलंय."

मामाने ते जाकीट घडी घालून गादीवर ठेवलं आणि आम्ही निघालो. रस्त्यात त्या फलकाखालून जाताना त्याने मान वर केली नाही. मला वाटलं काहीतरी धीर द्यावा, पण तोंडातून निघालं भलतंच. मी म्हटलं, "आजचं पडणं तुझं सगळ्यात भारी होतं." मामा म्हणाला, "कुणी बघितलं नाही पण."

त्यानंतर खालच्या मजल्यावर जायचं काम त्याचंच होतं. मामीने साफ सांगितलं होतं, मी येणार नाही, ज्याने दार बंद करून घेतलं त्याने उघडून घ्यावं. काकूंनी दार उघडलं आणि हातातलं विणकाम तसंच चालू ठेवलं.

"काकू, दुपारी वर याल का?"

"का? विज्ञान सुट्टीवर गेलं?"

"झोपलंय."

"आप्पांना विचारलंत? मी डोक्यावर बसते म्हणतात."

"त्यांनीच सांगितलंय. म्हणाले रिमोट तुमचा, पण बातम्यांच्या वेळी माझा."

"अर्धाच तास," काकू म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या.

मामा परत गाद्यांच्या दुकानात आहे. आता गिऱ्हाइकापुढे पडून दाखवत नाही, हाताने दाबून दाखवतो. पट्टा मात्र जोरात खपतोय. रस्त्यात एखाद्या आजोबांच्या मनगटावर दिसला की त्यांना गाठून सांगावंसं वाटतं, आजोबा, पडायचंच झालं तर जरा गिरकी घेऊन पडा, हात छातीवर ठेवा, नाहीतर याला कळणार नाही. दोन-तीनदा सांगितलंही. लोकांना वाटतं मला ताप आहे.

आमचा कापलेला पट्टा मामाने फेकला नाही, टीव्हीखालच्या खणात ठेवलाय. अजून चालू आहे. बॅटरीचं खरं बोलले होते ते. परवा सुट्टी होती, दुपारी मामा आणि मी गॅलरीत बसलो होतो आणि त्याच्या फोनवर चांदणी आली. आप्पा निवांत आहेत. आजवरची सर्वात गाढ विश्रांती. आतून काकूंचा आवाज येत होता की नुसत्या बोंबा आहेत या बातम्या, आणि आप्पा म्हणत होते, मालिकेत काय गाणी म्हणतात का, आणि मग काहीतरी पडलं, बहुतेक रिमोट, आणि काकू म्हणाल्या, "बसा हो तुम्ही, मी उचलते, उठलात तर बघा."

मामाने फोन उलटा करून ठेवला आणि ते भांडण ऐकत बसला.